बफेलो, डिसेंबर २०२२: अंदाज अचूक होता, तरी ४७ माणसं गेली

शुक्रवार, २३ डिसेंबर २०२२. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला ईरी सरोवराच्या काठी वसलेल्या बफेलो शहरात आणि त्याच्या भोवतीच्या ईरी काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, सकाळी साडेनऊला प्रवासबंदी लागू झाली. ही बंदी येतेय हे लोकांना कळलं पावणेनऊच्या सुमारास. म्हणजे हातात पाऊण ताससुद्धा नव्हता. सकाळच्या पाळीची माणसं तोवर कामावर हजर झाली होती. नाताळ दोन दिवसांवर होता, त्यामुळे कुणी दूध-पाव घ्यायला, कुणी औषधं आणायला घराबाहेर पडलं होतं. त्यानंतर थोड्याच वेळात हिमवादळ शहरावर कोसळलं. बफेलोच्या विमानतळावर सलग ३७ तास ब्लिझर्डची, म्हणजे आंधळं करणाऱ्या हिमवादळाची, स्थिती नोंदली गेली. बर्फ ओसरल्यावर मोजदाद झाली तेव्हा बफेलो परिसरात ४७ मृत्यू झाले होते. त्यातले ३१ एकट्या बफेलो शहरातले.

हे प्रकरण नीट अभ्यासण्यासारखं आहे, कारण इथे हवामानशास्त्र कुठेच कमी पडलं नाही. वादळ येणार हे माहीत होतं, कधी येणार हे माहीत होतं, किती भयंकर असेल हेही बऱ्याच अंशी माहीत होतं. आणि बफेलो म्हणजे बर्फाची सवय नसलेलं शहर नव्हे. अमेरिकेत बर्फाचा विषय निघाला की ज्या शहरांची नावं आधी घेतली जातात, त्यातलं हे एक. मग घात कुठे झाला?

आधी कळलं होतं

नॅशनल वेदर सर्व्हिसचं, म्हणजे अमेरिकेच्या हवामान खात्याचं, बफेलो इथलं कार्यालय वादळाच्या काही दिवस आधीपासून बोलत होतं. पिढीतून एखाद्याच वेळी येणारं वादळ, अशा शब्दांत त्यांनी त्याचं वर्णन केलं होतं. ही मंडळी शब्द जपून वापरतात, उगाच घबराट करत नाहीत. शुक्रवारी सकाळपासून लागू होणारा ब्लिझर्डचा इशारा आधीच दिलेला होता. गव्हर्नर कॅथी होकल या स्वतः बफेलो परिसरातल्याच. त्यांनी गुरुवारीच राज्यात आणीबाणी जाहीर केली, ती शुक्रवारी सकाळी सहापासून अमलात यायची होती. महामार्गावर ट्रक वगैरे व्यावसायिक वाहनांना त्या सकाळपासून बंदीही होती.

म्हणजे सकाळी सहाला मालवाहू ट्रक थांबवायचं ठरलं होतं, पण दुकानात काउंटरवर उभं राहणाऱ्या बाईने साडेआठला कामावर जायचं की नाही, हे कुणी ठरवलं नव्हतं. माझ्या मते या प्रकरणाची सगळी गाठ इथेच आहे.

गुरुवारी हवा शांत होती. शुक्रवारी सकाळी उजाडलं तेव्हा तापमान गोठणबिंदूच्या वर होतं, रस्ते पावसाने ओले होते. बर्फाचा पत्ता नव्हता. अशा वेळी बाहेर डोकावून बघणाऱ्या माणसाला इशाऱ्यापेक्षा स्वतःच्या डोळ्यांवर जास्त भरवसा वाटला, तर त्याला दोष देता येत नाही. दुपारपर्यंत आटोपून परत येऊ, असा हिशेब हजारोंनी केला असणार. पण आर्क्टिक वाऱ्याची आघाडी मध्यान्हापर्यंत थांबणार नव्हती.

सरोवर, वारा आणि बर्फ

त्या आठवड्यात अमेरिकेच्या मध्यभागावरून एक कमी दाबाचं क्षेत्र ग्रेट लेक्सच्या, म्हणजे पाच महासरोवरांच्या, दिशेने सरकत होतं आणि सरकता सरकता त्याच्या केंद्रातला दाब झपाट्याने खाली येत होता. चोवीस तासांत साधारण २४ मिलिबार दाब पडला की हवामानतज्ज्ञ अशा चक्रवाताला बॉम्ब सायक्लोन म्हणतात. त्याच्या मागोमाग उत्तर ध्रुवाकडची हवा खाली उतरली. बफेलोत ती आघाडी शुक्रवारी सकाळीच आली, आणि संध्याकाळपर्यंत तापमान उणे दहा सेल्सियसच्याही खाली गेलं. ओल्या रस्त्यांवर बघता बघता बर्फाची काच पसरली. वाऱ्याचे झोत ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेले.

या सगळ्यात बफेलोची जागा फार वाईट पडते. ईरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि जेमतेम ९२ किलोमीटर रुंद आहे. नैऋत्येकडून ईशान्येकडे आडवं पसरलेलं. बफेलो बरोबर पूर्वेच्या टोकाला. वारा नैऋत्येचा झाला की तो सरोवराची सगळी लांबी तुडवत येतो आणि शहरावर आपटतो. डिसेंबरमध्ये सरोवर अजून गोठलेलं नसतं. वरून जाणारी हवा गोठणबिंदूच्या कितीतरी खाली, खालचं पाणी त्यामानाने ऊबदार. त्या पाण्यावरून हवा बाष्प उचलत येते, वर चढते, आणि काठाशी पोचताच ते बाष्प बर्फाच्या रूपात खाली उतरवते. याला तिथले लोक लेक इफेक्ट म्हणतात. हा बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. वाऱ्याच्या रेषेत एक अरुंद पट्टा तयार होतो. पट्ट्याखाली हात पुढे केला तर हात दिसत नाही, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर ऊन पडलेलं असतं. एरवी हा पट्टा इकडेतिकडे सरकत राहतो. या वेळी तो तासन् तास बफेलो शहरावर आणि त्याला लागून असलेल्या चीक्टोवागासारख्या उपनगरांवर ठाण मांडून बसला. विमानतळावर पाच दिवसांत सुमारे ५२ इंच, म्हणजे सव्वा मीटरहून जास्त बर्फ पडला.

पण निव्वळ बर्फाची उंची सांगून हे वादळ कळत नाही. त्याच वर्षी, जेमतेम पाच आठवडे आधी, नोव्हेंबरच्या मध्यात बफेलोच्या दक्षिणेकडच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात सहा फुटांहून जास्त बर्फ पडला होता. डिसेंबरपेक्षा जास्तच. तरी मृत्यू मोजके झाले, कारण वारा नव्हता. वरून पडणारा बर्फ माणसाला घरात अडकवतो. वाऱ्याबरोबर आडवा येणारा बर्फ माणसाला आंधळं करतो. ब्लिझर्डची व्याख्याच वारा आणि दृश्यता यांवर आहे: वारा ताशी ५६ किलोमीटर किंवा जास्त, दृश्यता ४०० मीटरच्या आत, आणि हे सलग तीन तास. बफेलोत ते ३७ तास चाललं, आणि त्यातला कितीतरी काळ दृश्यता जवळजवळ शून्य होती.

१९७७ सालचं बफेलोचं वादळ तिथल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. त्या वर्षी सरोवर आधीच गोठलं होतं, आणि त्याच्या पाठीवर साठलेला भुसभुशीत बर्फ वाऱ्याने उचलून शहरात आणून टाकला. मृतांच्या संख्येत २०२२ ने त्यालाही मागे टाकलं.

काठावरचा पूर

बर्फाच्या बातम्यांत पुराची गोष्ट हरवून गेली. ती सांगायला हवी.

ईरी हे पाच महासरोवरांपैकी सर्वांत उथळ. सरासरी खोली फक्त १९ मीटर. पाणी भरलेली परात एका अंगाला कलंडली की पाणी जसं एका काठाला चढतं आणि दुसऱ्या काठाशी तळ उघडा पडतो, तसंच इथे वारा करतो. नैऋत्येच्या वाऱ्याने पाणी पूर्वेला, बफेलोकडे रेटलं. तिथली पातळी कित्येक फूट चढली. त्याच वेळी पश्चिमेला ओहायोतल्या टोलेडोजवळ पाणी मागे हटून सरोवराचा तळ उघडा पडला. वारा पडला की हे पाणी उलट वाहतं, पुन्हा परततं, हेलकावत राहतं. शास्त्रज्ञ या हेलकाव्याला सेश म्हणतात. १८४४ च्या ऑक्टोबरमध्ये अशाच पाण्याने बफेलोची तटभिंत ओलांडून ७८ जणांचा बळी घेतला होता. तेव्हा इशारा देणारं कुणीच नव्हतं.

२०२२ मध्ये हॅम्बर्गच्या किनाऱ्यावर लाटा रस्त्यांवर आणि घरांवर येत होत्या. पाणी आलं आणि आल्या जागी गोठलं. तिथलं एक जुनं रेस्टॉरंट आणि किनाऱ्यालगतची घरं छतापासून पायऱ्यांपर्यंत बर्फाच्या जाड थरात बंद झाली. पलीकडे कॅनडातल्या क्रिस्टल बीचवरही तेच झालं. जगभर फिरलेले ते फोटो बघणाऱ्याला सुंदर वाटतात. आत राहणाऱ्याला दार उघडायलाही कुऱ्हाड लागते.

आठवडा संपता संपता तापमान एकदम चढलं, आणि आता हा एवढा बर्फ वितळून शहरात पूर येतो की काय, ही दुसरी धास्ती लागली. सुदैवाने ते तितकं वाढलं नाही.

तीन दिवस

शुक्रवारी दुपारपासून रस्त्यांवर गाड्या अडकायला लागल्या. त्यांना सोडवायला गेलेली पोलिसांची वाहनं अडकली, मग रुग्णवाहिका, मग बर्फ हटवणारी यंत्रंही. अडकलेल्या गाड्यांमुळे बर्फ काढता येईना, बर्फ काढला नाही म्हणून गाड्या निघेनात. शहरातल्या अग्निशमनाच्या जवळपास सगळ्या गाड्या अडकल्या आहेत, असं गव्हर्नर होकल यांना शनिवारी सांगावं लागलं. मदतीचे फोन येत होते आणि घ्यायला माणसंही होती, पण पाठवायला काही नव्हतं. एवढ्या मोठ्या शहरात मदत येऊच शकणार नाही, हे लोकांना फोनवर सांगायची वेळ आली. तो फोन घेणाऱ्या माणसांचं काय झालं असेल, याचा विचार मला वारंवार येतो.

वीज गेलेली घरं हजारोंनी होती. विजेची उपकेंद्रं बर्फाने गच्च भरली होती आणि दुरुस्तीची पथकं तिथवर पोचू शकत नव्हती. तिथल्या घरांत ऊब देणारी भट्टी गॅसवर चालत असली तरी तिचा पंखा आणि नियंत्रण विजेवरच असतं. वीज गेली की ऊबही गेली.

अशा वेळी शेजारी धावले. हे या प्रकरणातलं सर्वांत उजळ पान आहे. चीक्टोवागात अडकलेल्या एका माणसाने जवळच्या शाळेची काच फोडून आत आसरा घेतला, रस्त्यावर अडकलेल्यांना एकेक करून आत आणलं. दोन डझन माणसं वाचली. निघताना त्याने काच फोडल्याबद्दल माफीची चिठ्ठी ठेवली. शहराच्या पूर्व भागात एका बाईने बाहेर मदतीसाठी हाका मारणाऱ्या अनोळखी वयस्क माणसाला घरात घेतलं, त्याचे गोठलेले हात ऊब देऊन जपले आणि रुग्णवाहिका येत नाही म्हटल्यावर समाजमाध्यमावर थेट टाहो फोडला. काही अनोळखी तरुणांनी येऊन त्याला इस्पितळात पोचवलं. उपनगरात कोरियन पर्यटकांची व्हॅन खड्ड्यात अडकली, फावडं मागायला त्यांनी एका घराचं दार वाजवलं, आणि त्या जोडप्याने दहाही जणांना नाताळभर ठेवून घेतलं. स्नोमोबाईल असलेली सामान्य माणसं परिचारिकांना इस्पितळात सोडत होती, औषधं पोचवत होती.

हे सगळं कौतुकाचं आहेच. पण शेजाऱ्यांच्या धाडसावर जगावं लागणं ही व्यवस्था नव्हे.

कोण गेलं, कुठे गेलं

मृत्यूंची विभागणी बोलकी आहे. सर्वाधिक माणसं उघड्यावर, रस्त्यात किंवा बर्फाच्या ढिगात सापडली. त्याखालोखाल वीज आणि ऊब गेलेल्या घरांत. काही गाडीत. काहींना फावड्याने बर्फ काढताना हृदयविकाराचा झटका आला. काही जणांचा जीव केवळ रुग्णवाहिका पोचली नाही म्हणून गेला.

उघड्यावर गेलेल्यांपैकी कित्येक जण घरापासून फार लांब नव्हते. शून्य दृश्यतेत चालणारा माणूस सरळ चालत नाही. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की विचारही गोंधळतो. थांबावं की चालावं, दार कोणत्या बाजूला, काहीच उमगत नाही.

शहरातल्या ३१ मृतांपैकी २० जण कृष्णवर्णीय किंवा अन्य अल्पसंख्य समाजांतले होते. शहराच्या लोकसंख्येतल्या त्यांच्या वाट्यापेक्षा हे प्रमाण जास्त आहे. बफेलोचा पूर्व भाग, ईस्ट साइड, हा बहुतांश कृष्णवर्णीयांचा. घरं जुनी, ऊब धरून न ठेवणारी. किराणा सामानाचं मोठं दुकान जेफर्सन ॲव्हेन्यूवरचं टॉप्स, एवढंच. याच दुकानात त्याच वर्षी १४ मे रोजी एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने गोळीबार करून १० जणांना मारलं होतं. ज्या वस्तीने मे महिन्यात दहा माणसं गमावली, तिलाच डिसेंबरमध्ये पुन्हा अंत्ययात्रा काढाव्या लागल्या.

ज्याच्या घरात दोन आठवड्यांचं सामान, तळघरात जनरेटर आणि घरून काम करायची मुभा, त्याच्यासाठी हे वादळ म्हणजे तीन कंटाळवाणे दिवस होते. ज्याचा फ्रिज आठवड्याच्या पगारावर भरतो, त्याच्यासाठी घरात थांबणं ही निवडच नव्हती.

पाऊण तासाचा निर्णय

काउंटीचे प्रमुख मार्क पोलनकार्झ यांना बंदीच्या उशिराबद्दल पुढे विचारण्यात आलं. रात्रपाळीचे कामगार आधी घरी पोचावेत, म्हणून थांबलो, असं त्यांचं म्हणणं. निर्णय शेवटी आपला होता, हेही त्यांनी मान्य केलं. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. मध्यरात्री बंदी लावली असती तर कारखान्यांत, इस्पितळांत अडकलेली माणसं पहाटे कायदा मोडूनच घरी निघाली असती.

तरी मला तो पटत नाही. रात्रपाळी सुटण्याआधी दिवसपाळी घराबाहेर पडते. एका पाळीला घरी पोचवण्यासाठी दुसरी रस्त्यावर आली, आणि वादळाने गाठलं ते तिलाच. दोन्हींवर उपाय एकच होता: गुरुवारी संध्याकाळी जाहीर करायचं की उद्या पहाटे अमुक वाजल्यापासून बंदी. म्हणजे मालकांनी रात्रीच ठरवलं असतं, गुरुवारची रात्रपाळीच रद्द झाली असती. नोव्हेंबरच्या वादळात बंदी आदल्या रात्रीच लागली होती. तेव्हा जमलं होतं.

इशारा आणि बंदी यांत जो फरक आहे तो पगारावर जगणाऱ्यालाच नेमका कळतो. हवामान खात्याने ‘बाहेर पडू नका’ म्हटलं म्हणून सुपरवायझर रजा देत नाही. बंदी लागली की मात्र दुकानच बंद होतं, आणि माणूस नोकरी न गमावता घरी राहू शकतो. त्याच्यासाठी बंदी हाच खरा इशारा असतो. तो साडेनऊला आला.

वादळ सरत असताना पुढाऱ्यांमध्ये जुंपली, हेही नोंदवायला हवं. शहरातला बर्फ काढायच्या कामाची गती लाजिरवाणी आहे, असं पोलनकार्झ बफेलोचे तेव्हाचे महापौर बायरन ब्राउन यांच्या प्रशासनाबद्दल पत्रकारांसमोर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. तेव्हा शहरातली माणसं अजून सापडत होती. शहरातली प्रवासबंदी २९ तारखेच्या पहिल्या मिनिटाला उठली. नॅशनल गार्डचे जवान वीज नसलेल्या वस्त्यांत दारोदार फिरून आत कुणी जिवंत आहे का, हे बघत होते.

न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वॅग्नर स्कूलने या सगळ्याचा अभ्यास करून २०२३ च्या जूनमध्ये अहवाल दिला. बंदी उशिरा लागली, सूचना सगळ्यांपर्यंत पोचल्या नाहीत, यंत्रसामग्री अपुरी पडली, आणि गरीब वस्त्यांना सर्वाधिक झळ बसली, असा त्याचा सूर आहे. बफेलोकरांनी हे त्याआधीच सांगितलं होतं.

आपल्या माणसांसाठी

बफेलो विद्यापीठात महाराष्ट्रातून दरवर्षी मुलं शिकायला जातात. तिथे, टोरांटोत, शिकागोत, बॉस्टनमध्ये स्थायिक झालेली आपली माणसंही कमी नाहीत. ज्याने पहिला बर्फच तिथे पाहिला, त्याला पुढच्या गोष्टी कुणी सांगितलेल्या नसतात.

गाडी बर्फात अडकली तर गाडी सोडायची नाही. गाडी मागून येणाऱ्याला दिसते, चालणारा माणूस दिसत नाही. इंजिन सतत चालू ठेवायचं नाही; तासातून दहा-पंधरा मिनिटं पुरे, आणि त्याआधी धुराड्याच्या नळीभोवतीचा बर्फ हाताने तरी काढायचा. नळी बुजली की कार्बन मोनॉक्साइड आत भरतो. त्याला रंग नाही, वास नाही. घरात ऊब गेली म्हणून गॅसची शेगडी किंवा कोळसा पेटवून बसायचं नाही, तिथेही तोच वायू. भट्टीची हवा बाहेर सोडणारी पाइप भिंतीतून निघते, ती बर्फाने झाकली गेली का ते पाहायचं. पन्नाशीपुढच्या, रक्तदाब असलेल्या माणसाने ओला बर्फ फावड्याने उपसायला जाऊ नये. गाडीत ब्लँकेट, पाणी, फोनचा चार्जर आणि फावडं नोव्हेंबरपासूनच ठेवावं. आणि हवामान खात्याने ब्लिझर्ड म्हटलं की बाहेर ऊन पडलेलं असलं तरी त्यांचंच ऐकावं.

त्यानंतर

२०२४ च्या जानेवारीत पुन्हा तसंच वादळ सरोवरावरून येताना दिसलं. या वेळी रविवारी, १४ जानेवारीला, ऑर्चर्ड पार्कच्या स्टेडियममध्ये बफेलो बिल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा पिट्सबर्गविरुद्ध बाद फेरीचा सामना होता. बफेलोत फुटबॉल म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्याला विचारावं. तरी शनिवारीच निर्णय झाला: सामना सोमवारी. काउंटीची प्रवासबंदीही शनिवारी, वादळाचा जोर येण्याआधीच लागू झाली. हजारो तिकीटधारक घरात राहिले, रस्ते मोकळे राहिले, बर्फ काढणाऱ्या यंत्रांना काम करता आलं.

एक गोष्ट मात्र तशीच आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तासावर काम करणाऱ्याला न केलेल्या तासांचा पगार देण्याचं बंधन मालकावर नाही. बंदीने कामाची जागा बंद झाली तरी त्या दिवसाचे पैसे त्याच्याच खिशातून जातात. बंदी आदल्या रात्री लावायला काउंटी शिकली. तिचं बिल कुणी भरायचं, हे अजून कुणी ठरवलेलं नाही.